हिरव्या अक्षरांतली नर्स

माझ्या दुकानात येणाऱ्या माणसांविषयी मला कधीच फारसा आदर वाटला नाही, आणि सगळ्यात कमी आदर वाटला तो स्वतःविषयी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की हा दुसऱ्यांनाच नावं ठेवतो.

जुन्नरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आता तिथे फुटलेल्या स्क्रीन बदलणं, चार्जिंगची पिन बसवणं अशी कामं चालतात. पण दुकान उभं राहिलं ते मेमरी कार्ड भरून देण्यावर. तेव्हा नेट महाग होतं, फोन स्वस्त होते आणि प्रत्येक बाप्याला खिशात करमणूक हवी होती. माणूस यायचा, नखाएवढं कार्ड काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "गाणी टाका, दोन पिक्चर टाका." मग इकडेतिकडे बघायचा, घसा साफ करायचा आणि आवाज खाली आणायचा. "आन् जरा ते बी टाका."

'ते' म्हणजे काय हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. गळ्यात माळ घातलेले 'ते' मागत, कपाळाला गंध लावलेले मागत, गावात मुलींनी कोणते कपडे घालावेत यावर भाषण ठोकणारे मागत. आमच्याच गावचे एक गृहस्थ तर वर्गणीची पावती फाडायला यायचे आणि पावतीबरोबर कार्ड पुढे सरकवायचे. सगळ्यांचा घसा एकाच पद्धतीनं साफ व्हायचा.

हा माल पुण्याच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून हार्डडिस्कवर यायचा आणि येतानाच फोल्डर पाडलेले असत. आमच्याकडे कांद्याची प्रतवारी करतात ना, गोल्टी वेगळी, मोठा माल वेगळा, तशी तिथे माणसांची प्रतवारी होती. गोऱ्या बायका एकीकडे. त्या कायम तयार. काळ्या बायका दुसरीकडे. त्या दांडग्या आणि रागीट, आणि राग शेवटी मोडायचाच. काळा पुरुष असला तर तो नुसता अंगाचा, कॅमेरा त्याच्या तोंडाकडे फिरकायचाच नाही. बारीक डोळ्यांच्या बायकांनी मान खाली घालायची, लाजायचं आणि 'नको' म्हणायचं, आणि ते 'नको' कोणी ऐकायचं नाही. आपल्या देशातल्या बायकांची वाटणी कामावरून: वहिनी, मोलकरीण, मास्तरीण, नर्स. वहिनीचा नवरा नेहमी परगावी. नर्सला पेशंटच्या तब्येतीशी काही देणंघेणं नाही. कुठल्या तरी लांबच्या शहरात बसून हे ठरवणाऱ्यांनी काळ्या माणसाचं घर पाहिलं नव्हतं की आमच्याकडची वहिनी पाहिली नव्हती. सकाळी सातला शेण काढून, डबे भरून, टोमॅटोच्या खुड्याला निघालेल्या बाईला असलं काही सुचायला वेळ कधी मिळतो, हे त्यांना कोण सांगणार! आणि आमची माणसं घरात रोज तीच बाई बघूनही फोल्डरातलीच खरी मानायची.

याचा मासला सांगतो. एका रविवारी सकाळी दुकानात एक आफ्रिकेतला तरुण आला. पुण्याला शेतीचं शिकत होता, लेण्याद्रीला निघाला होता, फोनचं चार्जर खराब झालं म्हणून उतरला होता. सभ्य, अबोल, पाठीवर सॅक. वर पायऱ्या किती आहेत, प्यायला पाणी मिळतं का, एवढंच त्यानं हिंदीत विचारलं. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती, दोघंही बागायतदार, दोघंही लेकीबाळींचे बाप. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. दोघांची नजर पँटच्या पट्ट्याखाली. मग एकमेकांना कोपरानं ढोसणं, खुसूखुसू हसणं. एकानं मला मराठीत सांगितलं, "इचार की त्याला, पिक्चरमधी दाखवत्यात ते खरं हाय का." भाषा कळली नाही तरी ते हसणं त्याला कळलं. त्याला ते नवीन नसावं. त्यानं चार्जरचे पैसे ठेवले आणि थँक्यू न म्हणता निघून गेला. दारात क्षणभर थांबून त्यानं माझ्याकडे बघितलं, कारण मीही हसत होतो.

पण मी नुसता हसणारा नव्हतो. मी त्या धंद्यात माझ्या डोक्यानं भर घातली होती.

पुण्याहून येणाऱ्या क्लिपांची नावं इंग्रजीत आणि लांबलचक असत. गिऱ्हाइकाला ती वाचता येत नसत. फाइलला मराठीत नाव दिलं तर त्या स्वस्त फोनवर अक्षरांऐवजी नुसते चौकोन उमटायचे. मग मी युक्ती काढली. क्लिपच्या सुरुवातीला, चित्रावरच, ठळक हिरव्या अक्षरांत मराठी नाव चिकटवायचं. कोपऱ्यात मूळ कंपनीचा शिक्का असे. चित्र थोडं मोठं केलं की तो कडेला जाऊन कापला जायचा. आणि नाव द्यायचं ते आपल्या भागातलं.

हा शोध माझाच. परदेशातली कोणी बाई म्हटलं की गिऱ्हाईक जांभई द्यायचं. तीच 'ओतूरची मॅडम' झाली की डोळे विस्फारायचे. 'नारायणगावची वहिनी', 'आळेफाट्याची शेजारीण' असली नावं मी दिवसाला दहा पाडत होतो. त्या गल्लीतल्या दुकानात लोकल माल मिळतो, अशी माझी ख्याती झाली. ओतूरच्या मॅडमच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता, राव! चांगला ढोपरभर बर्फ. एकाही गिऱ्हाइकानं कधी विचारलं नाही की ओतूरला बर्फ कधी पडला. ही तीच माणसं, जी बांधावरून नुसती नजर टाकून टोमॅटोवर करपा आलाय की नाही ते सांगतात.

सगळ्यात जास्त खप होता तो 'मढची आदिवासी' असं नाव दिलेल्या क्लिपांचा. आमच्या बागायती पट्ट्यातल्या माणसांच्या डोक्यात डोंगरातल्या बायकांविषयी काय काय भरलेलं असतं ते मला पक्कं माहीत होतं, कारण मीही त्याच पट्ट्यातला. मजुरीला बोलवायच्या त्याच बायका, वाटेत गाठून काहीबाही बोलायचं तेही त्यांनाच, आणि वर म्हणायचं की त्यांच्यात असलं चालतं. मी त्या समजुतीला फक्त हिरवी अक्षरं दिली.

एकदा मढचाच एक माणूस आला. डोंगरातला, भात आणि नाचणी करणारा, पन्नाशीचा. त्याला कार्डावर भजनं हवी होती, खरोखरच फक्त भजनं. मी फोल्डर उघडताना चुकून दुसरंच काही उघडलं आणि स्क्रीनवर ती हिरवी अक्षरं आली. मी झटकन बंद केलं, पण त्यानं वाचलं होतं.

"ही आमच्या मढची हाय?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही हो. नाव आहे नुसतं. बाई कुठली तरी लांबची."

"मंग आमच्या गावचं नाव कशापायी?"

"खपतं," मी म्हणालो.

त्यानं काउंटरवरचं कार्ड आपल्याकडे ओढलं. मग म्हणाला, "तुमचं गाव कंचं, भाऊ?"

"पिंपरी पेंढार."

"मंग त्येचं टाका की. आपल्या गावचं नाव टाकाया काय व्हतंय?"

कार्ड उचलून तो गेला. भजनं न भरताच. मी पुढच्या गिऱ्हाइकाला हा किस्सा विनोद म्हणून सांगितला आणि आम्ही दोघं खो खो हसलो. नाव मी बदललं नाही.

पुढे नेट फुकटात पडल्यासारखं स्वस्त झालं आणि कार्ड भरून घ्यायला कोणी येईना. मी फोल्डर पुसून टाकले, दुकानाला नवी पाटी लावली, काउंटरवर गणपती बसवला. सुटलो, असं मला वाटलं. पण भरून दिलेली कार्डं लोकांच्या घरी होती, त्यांतलं सगळं जुन्या फोनमधून नव्या फोनमध्ये जात होतं, हे मोबाइलवाला असूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

आता घरचं सांगतो. पिंपरी पेंढारच्या शिवेला आमची वस्ती आहे, दहा-बारा घरांची. आई, दादा आणि मी. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. जमीन आहे, विहिरीला पाणी आहे, ट्रॅक्टर आहे, आणि तरी दादाचं लग्न जमत नव्हतं. शेती करणारा मुलगा नको, हे आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यातलं आता पहिलंच वाक्य असतं. (मला तर ते वाक्यसुद्धा कोणी ऐकवायला आलं नाही.) चाळिशीच्या तोंडावर दादाच्या पायावरून ट्रॉलीचं चाक गेलं आणि तो मंचरच्या एका दवाखान्यात अठरा दिवस पडून राहिला. तिथे त्याला वहिनी भेटली.

ती अरुणाचलमधली. तिथल्या डोंगरातून शिकायला पुण्याला आलेली, नर्सिंग करून मंचरला नोकरीला लागलेली. दादा रोज पाय हलवायचा आणि ती रोज त्याला झापायची. आयुष्यात दादाला आईशिवाय कोणी झापलं नव्हतं. त्याला ते आवडलं असावं. वर्षभर फोनवर बोलणं झालं आणि मग लग्न. आईनं लग्नाआधी एकच प्रश्न विचारला होता, "ती भाकरी खाती का नुसता भात?" दुसऱ्या महिन्यात वहिनी भाकरी थापत होती, वाकडीतिकडी पण फुगणारी. मराठी ती माणसांशी बोलून शिकली, त्यामुळे तिची भाषा निम्मी आमच्या वस्तीची, निम्मी टीव्हीतल्या हिंदीची. दादानं तिला एकदा मढच्या बाजूला नेलं होतं, तर भाताची खाचरं बघून ती म्हणाली, हे तर आमच्यासारखंच आहे.

ती कुठल्या राज्यातली हे गावात कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी ठरवून टाकलं की ती नेपाळी. कोणी चायनीज म्हणायचं, पोरं मागून 'मोमो' म्हणायची. "सस्त्यात आणली का?" असंही एका भावकीतल्या काकांनी दादाला विचारलं, आणि वर "गंमत केली रं" म्हणाले.

वहिनीनं नोकरी सोडली होती, पण हाताला सवय होती. ओट्यावर बसून ती वस्तीतल्या म्हाताऱ्यांचं बीपी मोजायची, साखर तपासायची, गोळ्यांच्या वेळा समजावायची. रोज सकाळी आमच्या ओट्यावर सात-आठ बायका बसलेल्या असत. तिचं वस्तीत बस्तान बसलं ते या ओट्यावर.

गेल्या हिवाळ्यात त्या बायका यायच्या बंद झाल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्याच. आणि त्यांच्या जागी बाप्ये यायला लागले. ज्यांना आयुष्यात सर्दी झाली नव्हती असे गडी बाही वर करून समोर बसायला लागले. "वयनी, बीपी बघा की जरा." एकानं सांगितलं छातीत धडधडतंय, आणि सांगताना शेजारच्याकडे बघून हसला. वहिनी पहिले दोन दिवस मुकाट्यानं मोजत राहिली. तिसऱ्या दिवशी एकानं तिचं मनगट धरलं. तिनं त्याच्या हातावरचा पट्टा ओढून काढला, मशीन उचललं आणि आत जाऊन कडी लावली. मग तिनं मला फोन केला. दादाला नाही, मला. "भाऊजी, काहीतरी झालंय. मला कोणी सांगत न्हाई. तुम्ही बघा ना."

मला बघायला लांब जावं लागलं नाही. आमचा कांदा-टोमॅटोच्या भावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी मी तो उघडत नाही. त्या दिवशी उघडला, आणि मागे जाता जाता एका ठिकाणी थांबलो. वर कांद्याचा भाव होता, खाली बिबट्या दिसल्याची खबर होती आणि मध्ये एक क्लिप. तिच्याखाली लिहिलं होतं, 'ओळखा पाहू वस्तीवरची कोण?' आणि हसून डोळ्यांत पाणी आलेली चार तोंडं.

मी क्लिप लावली. पहिल्या सेकंदाला हिरवी अक्षरं आली. 'मंचरची नेपाळी नर्स', आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. ती तीन चिन्हं माझी खूण. मी सगळीकडे तीनच द्यायचो.

दुकानाच्या स्टुलावर बसून मी ती पुन्हा पहिल्यापासून लावली. मी ती क्लिप बनवली तेव्हा वहिनी महाराष्ट्रात आलीही नव्हती. क्लिपमधली बाई जपानची असेल, थायलंडची असेल, देव जाणे. तिच्या डोक्यावर पांढरी उभी टोपी होती, जी मंचरच्या कुठल्याही नर्सनं कधी घातली नसेल. भिंतीवरचं बटण आपल्याकडचं नव्हतं. नळ आपल्याकडचा नव्हता. चेहऱ्यात आणि वहिनीच्या चेहऱ्यात काडीचं साम्य नव्हतं. पण डोळे बारीक, आणि वर लिहिलंय मंचर, आणि लिहिलंय नर्स. एवढं त्यांना पुरलं. आपल्या गोठ्यातल्या चार काळ्या म्हशी पाठमोऱ्या ओळखणाऱ्या माणसांना दोन बायकांचे चेहरे वेगळे ओळखता आले नाहीत. खरं सांगायचं तर ओळखायचेच नव्हते.

घरी गेलो तेव्हा आईपर्यंत ते पोचलं होतं. शेजारणीनं सांगितलं होतं, "तुमच्या सुनंचा पिक्चर निघालाय म्हनं." आई चुलीपुढे बसून नुसती फुंकत होती, चूल पेटलेली असूनही. दादानं क्लिप गोठ्यात उभं राहून पाहिली. मग घरात येऊन त्यानं वहिनीकडे पाहिलं. दादा देवमाणूस आहे असं मी आयुष्यभर समजत आलो. त्या दिवशी त्यानं तिचा चेहरा निरखला, फोनशी ताडून बघितल्यासारखा. त्यानं तोंडानं काही विचारलं नाही, पण ते बघणं तिला कळलं.

"तुम्हाला वाटतं ती मी हाय?" तिनं विचारलं.

"मी कुठं काय म्हणलो?" दादा म्हणाला, आणि पायात चपला घालून मळ्याकडे गेला.

वहिनीनं कपाटावरची बॅग खाली काढली. मोठ्यानं नाही, भांडून नाही. मला म्हणाली, "भाऊजी, परवा मला मंचरला सोडा. मी परत ड्यूटी धरते. हितं माझ्याकडं कोण तोंड बघून बोलत न्हाई आता." ती गेली असती तर परत आली नसती, हे मला दिसत होतं. दादाचं घर मोडलं असतं, आणि ते मी मोडलं असतं, कारण दोघांना वाचवणारं एक वाक्य फक्त माझ्याजवळ होतं. आणि ते वाक्य मी दोन दिवस गिळून बसलो. का, तर लोक काय म्हणतील. दुकानाचं काय होईल. काउंटरवरच्या गणपतीकडे बघून लोक हसतील. माझ्या लेखी याहून हलकट गोष्ट मी केलेली नाही, आणि मी बऱ्याच केल्यात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दूध डेअरीवर गेलो. आमच्याकडे गावाला एकत्र गाठायचं तर सकाळची डेअरी. कॅन घेऊन सगळे रांगेत उभे असतात, फॅट लागेपर्यंत कोणाला हलता येत नाही. मी रांगेच्या पुढे जाऊन उभा राहिलो आणि बोललो. म्हणालो, ग्रुपवर फिरतेय ती क्लिप माझी आहे. म्हणजे ते नाव माझं आहे. बाई कुठल्या देशातली ते मलाही माहीत नाही. कार्डं खपावीत म्हणून मी मंचर लिहिलं, नेपाळी लिहिलं, नर्स लिहिलं. बारा वर्षांपूर्वी माझ्या दुकानात बसून लिहिलं. माझ्या वहिनीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

फॅट तपासणाऱ्याचा हात थांबला. मग मागून एक जण म्हणाला, "म्हंजी ती ओतूरची मॅडम बी ओतूरची न्हाई?"

"नाही," मी म्हणालो.

"आन् नारायणगावची?"

"तीही नाही."

"मंग आमाला फसवलं की राव तुमी!"

खरंच चिडला होता तो. बारा वर्षांनी त्याला कळलं होतं की लोकल म्हणून घेतलेला माल बाहेरचा होता. ज्या बाईची पंधरा दिवस बदनामी झाली तिच्याविषयी त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि स्वतःची फसवणूक मात्र त्याला सहन होईना. मला त्याच्या कॅनमधलं दूध त्याच्याच डोक्यावर ओतावंसं वाटलं.

मग मी दुसरं वाक्य बोललो. "कार्डं कोण कोण भरून नेत होतं आणि कोणाला काय लागत होतं, ते माझ्या ध्यानात आहे. क्लिप पुढे गेली तर मी गावाला एकेक नाव वाचून दाखवीन." याचा मात्र परिणाम झाला. पावती फाडणारे ते गृहस्थ रांग सोडून निघाले, फॅट न लावताच. दुपारपर्यंत ग्रुपवरची क्लिप पुसली गेली आणि त्याखाली ग्रुपचालकाचा मेसेज आला, 'सर्वांनी ग्रुपचे नियम पाळावेत, फक्त शेतीविषयक माहिती टाकावी.' वहिनीची माफी मागणारी एक ओळ कोणी लिहिली नाही.

मला मात्र गावानं अर्ध्या तासात माफ केलं. डेअरीतून निघतानाच एकानं खांद्यावर हात टाकला. "जाऊ दे रं. तरुणपनी कोण करत न्हाई?" चहासुद्धा पाजला. जिनं काही केलं नव्हतं तिच्यावर पंधरा दिवस खटला चालला, आणि ज्यानं केलं त्याला चहा. तो चहा मी प्यायलो, हेही लिहून ठेवतो.

दादाला मी मळ्यात जाऊन सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एक थोबाडीत दिली. मग हमसाहमशी रडला. रडताना म्हणाला, "तिनं इचारलं तवा मी न्हाई म्हणाया पायजे व्हतं." ती चूक त्याची होती, पण मी त्याला काय सांगणार?

घरी आलो तेव्हा वहिनी परसात कपडे वाळत घालत होती. बॅग अजून भरलेलीच होती. मी तिला सगळं सांगितलं. पुण्याची हार्डडिस्क, फोल्डर, हिरवी अक्षरं, डेअरी. सांगताना, कबूल करतो, मला जरा बरं वाटत होतं. चारचौघांत उभा राहून मी स्वतःची इज्जत घालवली होती आणि तिची राखली होती, असं काहीतरी मनात होतं. ती आता रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा निदान सुटल्यासारखी श्वास सोडेल, असं मी धरून चाललो होतो.

"दाखवा मला," ती म्हणाली.

मी नको म्हणालो. तिनं हात पुढे केलेलाच ठेवला. मी क्लिप सुरुवातीलाच थांबवून फोन दिला. हिरव्या अक्षरांखाली त्या बाईचा चेहरा होता, उभ्या टोपीखाली, कॅमेऱ्याकडे बघणारा. वहिनी बराच वेळ तो बघत राहिली. पेशंटकडे बघतात तसं, काय होतंय, कुठे दुखतंय ते शोधत. बारा वर्षांपूर्वी मी याच चेहऱ्यावर नाव बसवायला अर्धा तास घालवला होता, आणि मी तिच्याकडे असं एकदाही पाहिलं नव्हतं.

"हिचं नाव काय?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"तुम्ही दिलं ना नाव. मग खरं काय व्हतं ते बघितलं न्हाई?"

मी मान हलवली. तिनं फोन परत दिला आणि पिळलेलं लुगडं झटकून तारेवर टाकलं.

"आणि ही मीच असते तर, भाऊजी?" ती म्हणाली. "कोणी फसवून काढला असता, नाहीतर पोटासाठी मी स्वतः केला असता. तर डेअरीवर गेला असता तुम्ही?"

मला खोटं बोलता आलं असतं. तेवढा सराव मला होता. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, चिमटे लावत होती, आणि उत्तर तिला माझ्याआधी माहीत होतं.

"नसतो गेलो," मी म्हणालो.

"मग माझ्यासाठी गेलो असं कोणाला सांगू नका," ती म्हणाली. "घराच्या नावासाठी गेलो म्हणा."